शिवराई होन : एका छोट्याशा सोन्याच्या नाण्याची मोठी गोष्ट



इयत्ता चौथीला आपण परिसर अभ्यास भाग २ मधून शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो. राज्याभिषेकाचा पाठ आला की वर्गात वेगळंच वातावरण असतं. मुलं घोषणा देतात, कुणी मावळ्याचा वेश करून येतं, फळ्यावर रायगड रंगतो. त्याच पाठात एक वाक्य असतं, महाराजांनी स्वतःची नाणी पाडली. हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. परीक्षेला फार तर एका गुणाचा प्रश्न येतो : 'सोन्याच्या नाण्याला काय म्हणत?' उत्तर : होन. झालं.

पण या एका शब्दात इतिहास, भाषा, गणित आणि व्यवहार असे चार विषय दडलेले आहेत. शिवाय आजकाल 'शिवकालीन होन विकणे आहे' असे मेसेज पालकांच्या मोबाईलवर फिरत असतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही ही माहिती हवीच. म्हणून आजचा लेख शिवराई होनावर. आधी माहिती देते, मग वर्गात काय करता येईल ते सांगते.

होन म्हणजे काय?

'होन' हा शब्द आपल्याकडे दक्षिणेकडून आला. कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोनं. तमिळमध्ये सोन्याला 'पोन्' म्हणतात. म्हणजे सोनं याच अर्थाचा शब्द सोन्याच्या नाण्याचं नाव झाला. याच जातीच्या नाण्याला 'वराह' असंही म्हणत, आणि युरोपियन व्यापारी त्याला 'पागोडा' म्हणत. इंग्रजांच्या जुन्या कागदांत पागोडा असा शब्द दिसला की समजायचं, बोलणं होनाबद्दल चाललंय.

दक्षिणेत सोन्याचं नाणं ही फार जुनी परंपरा. विजयनगरच्या राजांनी ती भरभराटीला आणली. त्यांचा होन साधारण ३.४ ग्रॅमचा असे आणि त्यावर बहुतेक वेळा देवदेवतांच्या आकृती असत. उत्तरेत मात्र व्यवहार मुख्यतः चांदीच्या रुपयावर चाले. मुघलांचा रुपया साधारण साडेअकरा ग्रॅम चांदीचा, आणि सोन्याची मोहर ११ ग्रॅमच्या आसपास. आपला महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या मधोमध. त्यामुळे इथे होनही चाले आणि रुपयाही.

तेव्हाचा बाजार कसा होता?

मुलांना सगळ्यात जास्त नवल वाटतं ते इथे. आज आपल्याला वाटतं की एका देशात एकच चलन असतं. सतराव्या शतकात तसं नव्हतं. एकाच बाजारात मुघलांचा रुपया, विजापूरकरांची नाणी, जुने विजयनगरचे होन, कोकण किनाऱ्यावर वाकवलेल्या चांदीच्या तारेची 'लारी', परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेली सोन्याची नाणी, सगळं एकत्र चाले. लारी हे नाव इराणमधल्या लार या गावावरून आलं. आदिलशाहीनेही तशी नाणी काढली होती.

कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला असताना बखर लिहिली. त्यात महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे. शिवराई, इभ्रामी, देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई, धारवाडी, कावेरीपाक अशी ती नावं आहेत. यातली काही नावं राजांवरून पडलेली आहेत, तर काही गावांवरून. आता ही नावं जरा नीट पाहा. देवराय आणि अच्युतराय हे विजयनगरचे राजे. अच्युतराय १५४२ मध्ये गेले. विजयनगरचा पाडाव १५६५ मध्ये झाला. तरी त्यांच्या नावाचे होन शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही खजिन्यात जमा होतायत! राज्य गेलं, राजा गेला, पण नाणं चालत राहिलं. कारण त्यात सोनं होतं, आणि सोन्यावर लोकांचा विश्वास होता.

हा मुद्दा मुलांना सांगाच. आजची दहा रुपयांची नोट म्हणजे कागद आहे. तिची किंमत सरकारच्या शब्दावर चालते. होनाची किंमत मुख्यतः त्याच्या वजनात आणि कसात होती.

मग स्वतःचं नाणं पाडायचं कशाला?

इतकी नाणी बाजारात असताना नव्या नाण्याची गरज काय, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर आपण विचारावा.

त्या काळात राजा कोण, हे सामान्य माणसाला कसं कळायचं? वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही. सुलतानी रिवाजात राजेपणाच्या दोन मोठ्या खुणा मानत : शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी खुतब्यात राजाचं नाव घेतलं जाणं आणि नाण्यावर त्याचं नाव असणं. ज्याच्या नावाचं नाणं तो सार्वभौम. जहागीरदार कितीही मोठा असला, त्याच्याकडे कितीही किल्ले असले, तरी त्याने नाणं पाडायचं नाही. पाडलं तर ते बंड.

महाराजांकडे १६७४ च्या आधीही किल्ले होते, फौज होती, आरमार होतं. पण विजापूर आणि दिल्लीच्या नजरेत ते 'शहाजीराजांचे पुत्र', एक जहागीरदार किंवा बंडखोरच होते. ६ जून १६७४ रोजी, शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर राज्याभिषेक झाला आणि हे चित्र बदललं. छत्र धरलं गेलं, नवा शक सुरू झाला आणि नाण्यावर नाव उमटलं. या तिन्ही गोष्टी मिळून एकच सांगतात : आम्ही कुणाचे चाकर नाही.

होन दिसतो कसा?

पाठ्यपुस्तकातलं चित्र मोठं असतं, त्यामुळे मुलांना वाटतं होन बांगडीएवढा असेल! प्रत्यक्षात तो फार लहान आहे. व्यास सुमारे सव्वा ते दीड सेंटीमीटर, म्हणजे आपल्या शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास.

एका बाजूला तीन ओळींत अक्षरं : 'श्री', 'राजा', 'शिव'. दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र', 'पति'. कडेने बारीक ठिपक्यांचं वर्तुळ. बस्स, इतकंच. चित्र नाही, देवाची मूर्ती नाही, महाराजांचा चेहरा नाही, सालही नाही.

पण ही नऊ अक्षरं कोणत्या लिपीत आहेत ते महत्त्वाचं. त्या वेळी मुघल आणि आदिलशाही नाण्यांवर फारसी लिपी असे. होनावर देवनागरी आहे. महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द बदलण्यासाठी राजव्यवहारकोश करवून घेतला, हे आपण शिकवतोच. तो कोश आणि हे नाणं एकाच विचाराची दोन रूपं आहेत. कोश दरबारातल्या कारकुनांसाठी होता, तर नाणं हातोहाती फिरणारं होतं.

नाणं पाडायचे कसे?

आपण 'नाणं पाडणं' म्हणतो, 'छापणं' म्हणत नाही. का? कारण ते खरोखर ठोकून काढलं जाई. आधी सोनं वितळवून त्याचा कस ठरवायचा. मग ठरलेल्या वजनाच्या चकत्या करायच्या. दोन पोलादी ठसे असत. खालचा ठसा घट्ट बसवलेला, त्यावर चकती, तिच्यावर वरचा ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. एका घावात दोन्ही बाजू उमटल्या पाहिजेत.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागत, आरशात दिसतात तशी. तरच नाण्यावर ती सुलटी येणार. दुसरी, हाताचं काम असल्याने कुठलीच दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. ठसा जरा सरकला की एखादं अक्षर कडेला कापलं जातं. हे पुढे खरं-खोटं ओळखताना कामाला येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

इंग्रज वकील आणि नाण्याचं कलम

राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषा होता. इंग्रजांनी तहासाठी जी कलमं मांडली त्यात एक कलम नाण्याचं होतं. कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, अशी त्यांची मागणी होती. मुंबईत त्यांची टांकसाळ नुकतीच सुरू झाली होती, म्हणून ही घाई.

महाराजांचं उत्तर काय होतं? त्याचा मथितार्थ असा : कोणतंही नाणं चालू नये अशी बंदी आम्ही घालत नाही. पण ज्या नाण्यात रयतेचं नुकसान आहे ते घ्याच, अशी सक्तीही आम्ही रयतेवर करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मुघलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतकं असेल तर आमची हरकत नाही.

वाचकहो, हे उत्तर पुन्हा एकदा वाचा. इंग्रजांचा अपमान नाही, त्यांच्यापुढे मान तुकवणंही नाही. निर्णय कशावर सोडला? नाण्याच्या कसावर आणि रयतेच्या फायद्या-तोट्यावर. लढाया शिकवताना आपला आवाज चढतो, ते स्वाभाविक आहे. पण हा प्रसंग मला तितकाच मोठा वाटतो. राजा बाजाराचा आणि शेतकऱ्याच्या गाठीला बांधलेल्या पैशाचा विचार करतोय, हे मुलांना कळायला हवं.

सोन्याचा होन, तांब्याची शिवराई

इथे एक गोंधळ नेहमी होतो. 'शिवराई' हे नाव दोन्ही नाण्यांना वापरलं जातं. सोन्याचा तो शिवराई होन आणि तांब्याचं नाणं ती नुसती शिवराई. अक्षरं दोन्हीवर तीच.

सोन्याचा होन बाजारात भाजी घ्यायला कुणी काढत नसे. मोठा सारा, खंडणी, बक्षीस, दान, सैन्याचा खर्च अशा मोठ्या व्यवहारांत होन लागे. रोजचा मीठ-मिरचीचा व्यवहार तांब्याच्या शिवराईवर चाले. ही शिवराई महाराजांच्या पश्चातही पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात पाडली जात राहिली, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलातही लोक ती वापरत होते. वेगवेगळ्या ठिकाणी पाडल्यामुळे तिच्या अक्षरांत पुष्कळ फरक आढळतात. कुठे 'शिव' ऐवजी 'सिव' दिसतं. शुद्धलेखनाला गुण कापणाऱ्या आपल्यासारख्यांना गंमत वाटेल, पण अभ्यासकांना त्याच फरकांवरून नाण्याचा काळ आणि ठिकाण यांचा अंदाज बांधता येतो.

म्हणून शिवराई आज बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळते. होन मात्र अत्यंत दुर्मिळ.

होन इतके दुर्मिळ का?

सोनं वितळवता येतं, हे पहिलं कारण. तांब्याचं जुनं नाणं वितळवून फारसं हाती लागत नाही, ते डब्यात पडून राहतं. सोन्याचं मात्र दागिन्यात रूपांतर होतं, किंवा पुढचा राजा त्याचं आपलं नाणं करतो. आपल्याकडची पुतळ्यांची माळ आठवा. मूळ 'पुतळी' म्हणजे व्हेनिसहून आलेलं सोन्याचं नाणं. त्यावर माणसांच्या आकृती असत म्हणून ते नाव पडलं. लोकांनी ती नाणी ओवून गळ्यात घातली!

दुसरं कारण इतिहासातच आहे. १६८९ मध्ये रायगड मुघलांच्या ताब्यात गेला. राजधानी पडली की खजिना शत्रूकडे जातो, आणि शत्रूच्या टांकसाळीत दुसऱ्याच्या नावाचं नाणं फार काळ टिकत नाही.

तिसरं कारण, खजिन्यात निरनिराळ्या जातींचे होन जमा होत होतेच आणि ते चालतही होते. त्यामुळे आपल्या नावाचा होन फार मोठ्या प्रमाणावर पाडण्याची व्यवहारात तितकी गरज नव्हती. राजेपणाची खूण म्हणून तो पाडणं आवश्यक होतं. हा तिसरा मुद्दा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या.

पालकांनो, इकडे लक्ष द्या

मागच्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील मला एक 'होन' दाखवायला घेऊन आले. कुणीतरी जत्रेत त्यांना तो दाखवला होता आणि पंचवीस हजारांत देतो म्हणाला होता. दोन दिवसांसाठी त्याने तो विश्वासाने हातात दिला होता. "मॅडम, मुलाच्या नावावर ठेवावा म्हणतो, पुढे लाखांनी किंमत होईल," असं ते म्हणाले. ऊसतोडीचे पैसे नुकतेच हातात आले होते. नाणं दहा रुपयांच्या नाण्याएवढं मोठं, कडा यंत्राने कापल्यासारख्या गोल, एका बाजूला महाराजांचा चेहरा आणि खाली चक्क १६७४ हे साल. मी त्यांना पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं, पट्टीने मोजून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरं झालं विचारलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत केलं. त्यांना कुठलंही मोठं संशोधन लागलं नाही. चौथीच्या मुलाला येईल इतकीच माहिती पुरली.

म्हणून ही छोटी यादी फ्रीजवर चिकटवा म्हटलं तरी चालेल :

१. नाण्यावर महाराजांचं चित्र असेल तर तो शिवकालीन होन नाही. स्मरणनाणं किंवा प्रतिकृती असेल.
२. नाण्यावर इसवी सन असेल तरीही नाही.
३. आकार मोठा असेल, किंवा वजन पावणेतीन ग्रॅमपासून फार लांब असेल, तर सावध व्हा.
४. अक्षरं छापील पुस्तकासारखी एकसारखी आणि कड अगदी गुळगुळीत गोल असेल तर ते यंत्राचं काम आहे.
५. वरच्या सगळ्या परीक्षांत उतरलं तरी ते खरं ठरत नाही. खऱ्या सोन्यातही बनावट नाणं करता येतं. शेवटचा निर्णय नाणेतज्ज्ञाचा.
६. 'आजच घ्या, उद्या मिळणार नाही' असं कुणी म्हणालं की उद्याच घ्यायचं ठरवा!

प्रतिकृती विकत घेण्यात काहीच गैर नाही. प्रतिकृती म्हणून, पितळेच्या भावात घ्या. वर्गात शिकवायला ती उत्तम.

आणखी एक. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली तर काय करायचं? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. गुपचूप सोनाराकडे नेऊन वितळवलं तर कायदा मोडतोच, पण इतिहासाचा एक पुरावाही कायमचा जातो. नाणं कुठे, किती खोल, कशाबरोबर सापडलं यावरून अभ्यासकांना खूप काही कळतं. तसंच शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

घरात आजीच्या डब्यात तांब्याची शिवराई असेल तर ती चिंच, लिंबू किंवा राख लावून घासू नका. चमक येते, पण अक्षरं झिजतात. कोरड्या कागदाच्या पाकिटात ठेवा, कडेने धरा.

वर्गात काय घ्याल? (चार उपक्रम)

उपक्रम १ : बटाट्याचा ठसा. बटाटा अर्धा कापून त्यावर बोथट टोकाने 'शिव' कोरायला सांगा. कसं कोरायचं ते सांगू नका. पहिल्या खेपेला बहुतेकांची अक्षरं उलटी उमटतात, आणि मग वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. दुसऱ्या खेपेला मुलं आपणहून आरसा मागतात. कोरताना मोठं माणूस जवळ असावं.

उपक्रम २ : होनाचा हिशेब. मोहर ११ ग्रॅम आणि होन २.७५ ग्रॅम धरला तर एका मोहरेत सोनं किती होनांइतकं? ११ भागिले २.७५, म्हणजे ४. त्या काळात मोहरेचा भाव वरखाली होई, साधारण १३ ते १६ रुपये. मग होन किती रुपयांचा? सव्वातीन ते चार. पुस्तकांत 'होन म्हणजे साडेतीन रुपये' असं आढळतं. तो आकडा असाच मधला आहे, कायमचा नाही. हे गणित पाचवी-सहावीच्या मुलांना छान जमतं.

उपक्रम ३ : पुरंदरचा तह होनांत. जून १६६५ च्या तहात महाराजांना २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख द्यावा लागला. त्यांच्याकडे राहिले १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख. पाच चौकोन काढा, चार रंगवा. 'पाचातले चार गेले' हे डोळ्यांनी दिसलं की मुलं शांत होतात. मग विचारा, एवढं जाऊनही नऊच वर्षांनी स्वतःच्या नावाचा होन निघतो, मधे काय काय घडलं असेल? पुढचे तीन पाठ मुलं स्वतः उलगडतात.

उपक्रम ४ : आकडा तपासूया. ऑक्झेंडनने लिहून ठेवलंय की राज्याभिषेकाआधी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि त्याला सुमारे १६,००० पागोडा लागले. यावरून लोक महाराजांच्या वजनाची गणितं मांडतात. मुलांना करू द्या. ३.४ ग्रॅमचा होन धरला तर ५४.४ किलो येतात. २.७५ ग्रॅमचा धरला तर ४४ किलो. म्हणजे एकाच वाक्यातून दोन उत्तरं! मग चूक कुठे? गणितात चूक नाही. पागोडा नेमका कुठला, तोललेली नाणी मिश्र होती का, आणि 'सुमारे' म्हणजे किती, हे त्या एका वाक्यातून ठरत नाही. आकडा मिळाला म्हणून निष्कर्ष मिळाला असं नसतं, हे मोठ्यांनाही शिकण्यासारखं आहे. व्हॉट्सॲपवरचा कुठलाही आकडा पुढे पाठवताना हा तास आठवावा.

भाषेत अडकलेली नाणी

मराठीच्या तासालाही हा विषय नेता येतो. नाणी बाजारातून गेली, पण बोलण्यात राहिली.

नावाला 'बट्टा' लागतो, तो शब्द नाणेबाजारातला. झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं बदलून घेताना सराफ जी रक्कम कापून घेई ती म्हणजे बट्टा. 'बंदा रुपया' म्हणजे मोड नसलेला, अखंड रुपया. म्हणून भरवशाच्या माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो. 'खुर्दा' म्हणजे मोड, चिल्लर. म्हणून पार मोडतोड झाली की खुर्दा उडतो. नाणं दगडावर आपटून आवाज ऐकत, म्हणून चांगलं नाणं 'खणखणीत'. सोनं काळ्या दगडावर घासून कस पाहत, म्हणून माणूस 'कसोटीला उतरतो'.

आणि आडनावं! पोतदार म्हणजे खजिन्यात येणारी नाणी पारखून घेणारा. सराफ म्हणजे नाणी बदलून देणारा. पारखी म्हणजे पारख करणारा. आमच्या वर्गात एक पोतदार आहे. आपल्या आडनावाचा अर्थ कळल्यापासून तो मधल्या सुट्टीत सगळ्यांचे पैसे 'तपासून' देतो.

मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : दमडी, ढब्बू पैसा, आणा, पावली हे शब्द तुम्ही कुठे ऐकले? एका रात्रीत वही भरून येते.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. होनावर महाराजांचं चित्र नाही, तरी ते नाणं कुणाचं हे कसं कळतं?
२. देवराई होन देवरायांच्या मृत्यूनंतरही का चालत राहिला?
३. तुम्ही राजा असता तर इंग्रजांच्या नाण्याच्या कलमाला काय उत्तर दिलं असतं? का?
४. जुनं नाणं घासून चमकवणं चांगलं की वाईट? कारण सांगा.
५. आजच्या एका रुपयाच्या नाण्यावर काय काय लिहिलंय? त्यावरून कोणाची सत्ता आहे असं कळतं?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर जरूर बोलून घ्या. होनावर 'श्री राजा शिव' होतं. आजच्या नाण्यावर कुठल्याही राजाचं नाव नाही. तिथे अशोकस्तंभ आणि 'भारत' आहे. ज्यांच्या नावावर हा देश चालतो ते आपण सगळे, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या धड्याआधीच एका रुपयातून मुलांना कळते.

होन आपल्या हातात कधी येईल असं नाही. एखाद्या संग्रहालयात काचेपलीकडून दिसला तरी भाग्यच. पण त्याचं वजन, त्याची अक्षरं आणि त्यामागचा विचार आपण मुलांच्या हातात नक्की देऊ शकतो.

यातला एखादा उपक्रम आपल्या वर्गात किंवा घरी करून पाहिलात तर अनुभव जरूर कळवा. आपल्या भागात जुन्या नाण्यांबद्दल वेगळे शब्द किंवा म्हणी असतील तर त्याही कळवा, पुढच्या लेखात त्या घेऊ.